शाळेची पहिली पोरगी

आमचं गाव धामणगाव बढ्याहून सहा किलोमीटर आत. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे ती सगळी मंडळी ठणठणीत आहेत आणि रोज सकाळी मला त्यांच्याच ओट्यांसमोरून दूध आणायला जावं लागतं. मी ज्ञानेश्वर गुरुजी. याच गावच्या शाळेत चोवीस वर्षं शिकवलं, इथूनच निवृत्त झालो आणि शाळेला शंभर वर्षं झाली तेव्हा शताब्दी समितीचा सचिव झालो. सचिव म्हणजे अध्यक्ष बोलतील त्याला मान हलवणारा. अध्यक्ष अर्थातच भगवानराव पाटील. गावात कसलंही अध्यक्षपद निघालं की ते भगवानरावांकडेच जातं, त्यासाठी सभासुद्धा घ्यावी लागत नाही.

पण मी लिहायला बसलो ते सिंधूताई खर्चे यांच्यासाठी.

सिंधूताईंनी तेहतीस वर्षं अंगणवाडी चालवली. आज गावात जी पोरं मिशा पिळत फिरतात, ती सगळी कधी ना कधी सिंधूताईंच्या टांगत्या काट्याच्या झोळीत रडलेली आहेत. बाई अंगानं किरकोळ, आवाजानं मोठी आणि नोंदीच्या बाबतीत हट्टी. एकदा कोणी एक साहेब तपासणीला आले. अहवाल चांगला दिसावा म्हणून ते म्हणाले, या बाळाचं वजन अर्धा किलो वाढवून लिहा. सिंधूताईंनी झोळी पुढे केली. म्हणाल्या, "साहेब, तुमीच बसा ना याच्यात. तुमच्यातलं अर्धा किलो याले देऊन टाकू." साहेबांचा आकार पाहता सूचना अगदीच वावगी नव्हती. त्या वर्षी सिंधूताईंना कामावरून काढायचं घाटत होतं, पण त्यांच्या जागी यायला कोणी तयार झालं नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत सरकारनं सेविकांच्या हातात मोबाईल दिले. बाकीच्या बायांनी डोक्याला हात लावला. सिंधूताईंनी तो आठ दिवसांत असा वठणीवर आणला की आजूबाजूच्या चार गावांतल्या सेविका शिकायला येऊ लागल्या. निवृत्त झाल्यावर तो मोबाईल परत करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मालक वारले तेव्हा इतकं आलं नव्हतं, असं त्या स्वतःच सांगतात. त्यात मालकांची निंदा नाही. त्यांचा स्वभावच तसा होता. मालकांचा.

मग त्यांच्या बहिणीची मुलगी प्रेरणा हिचा फोन आला. प्रेरणा अमरावतीला विद्यापीठात शिकते. जुन्या गावनोंदींत बायका कुठं दिसतात आणि कुठं गायब होतात, यावर ती प्रबंध लिहिते आहे. तिनं मावशीला विचारलं, तुमच्या शाळेचं जुनं दाखलखारीज रजिस्टर आहे का? म्हणजे कोण पोर कधी शाळेत आलं, कधी गेलं आणि का गेलं, हे लिहिलेलं बाड. सिंधूताई त्याच दिवशी माझ्या दारात. मी म्हटलं, हेडमास्तरांना अर्ज करावा लागेल. त्या म्हणाल्या, "हेडमास्तर तुमचा विद्यार्थी, तुमी अर्ज कायचा करता? कान पकडा." कान पकडावा लागला नाही. सिंधूताईंचं नाव ऐकूनच त्यानं कपाट उघडलं.

असं ते काम सुरू झालं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून सिंधूताई बसायच्या. प्रेरणानं पाठवलेल्या मोबाईलवर पानाचा फोटो काढायचा, मग त्यातल्याच तक्त्यात एकेक ओळ भरायची: नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, शाळेत कोणी घातलं, कधी काढलं, कशासाठी काढलं. इकडे ओळ भरली की तिकडे अमरावतीत प्रेरणाला दिसायची. तिनं तक्त्यात अशी काही युक्ती करून ठेवली होती की बाईचं वाटणारं नाव आलं की ती ओळ आपोआप गुलाबी व्हायची. पहिल्याच दिवशी गंगाराम, सीताराम आणि कौतिकराव असे तिघे गुलाबी झाले. कौतिकराव अजून हयात आहेत, त्यांना कळवलं नाही. सिंधूताईंची तक्रार वेगळीच होती. "बाया गुलाबी काऊन?" म्हणून त्यांनी प्रेरणाला रंग बदलायला लावला आणि तुरीच्या फुलासारखा पिवळा करून घेतला.

मग हळूहळू गावाचं पोट उघडं पडू लागलं. अकराशे माणसांचा जन्म एक जूनला झालेला निघाला. हे पाप आम्हा मास्तरांचं. आईबाप म्हणायचे, 'पोळ्याच्या आसपास झाला असन, नाहीतर दिवाळीच्या', की आम्ही एक जून ठोकून द्यायचो. सिंधूताईंनी बोटांवर नऊ महिने मागे मोजले आणि मला विचारलं, "गुरुजी, दरसाल पोळ्याले गावाले होत काय होतं?" मी चष्मा पुसत बसलो.

कोण तिसरीत दोनदा बसला, कोण कॉपी करताना सापडला, कुणाचं लग्नातलं वय आणि शाळेतलं वय जुळत नाही, सगळं त्या तक्त्यात होतं. एक बटण दाबलं की नापासांची रांग उभी. सिंधूताईंनी तोंडातून चकार शब्द काढला नाही, पण त्या बघून हसायच्या. त्या हसण्यानंच गावातल्या बाप्यांना घाम फुटला. ज्यांनी तेहतीस वर्षांत कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, ते ओट्यावरून उठून "राम राम सिंधूताई" म्हणू लागले. दोघांनी तर वांगी आणून दिली.

पोरींच्या ओळी मात्र वाचवत नव्हत्या. शेवटच्या रकान्यात, कशासाठी काढलं, तिथं 'लग्न', 'भाऊ सांभाळते', 'म्हशी राखते' आणि एके ठिकाणी नुसतंच 'पुरे झाले'. बरं, पुढे त्या पोरींचं काय झालं हे शोधायला जावं तर लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं की जुनी बाई नोंदींतून मेली आणि दुसरीच जन्माला आली. म्हणून सिंधूताई घरोघर जाऊन बायांची माहेरची नावं विचारत सुटल्या. नवऱ्यांना विचारलं तर निम्म्यांना माहीत नव्हतं. माणिकराव, लग्नाला एक्कावन्न वर्षं झालेले, म्हणाले, "मी तं तिले अवं म्हणतो. जास्तीचं कधी कामच नाही पडलं."

या फेरीतच विमलबाई सापडल्या. वय शहाऐंशी, चार सुनांच्या सासू, गावातलीच लेक आणि गावातलीच सून. रजिस्टर १९४१ पासूनचं होतं आणि त्यात पहिली पिवळी ओळ विमलबाईंची: विमल दौलत, दाखल १९४६, खारीज १९४८, कारण 'धाकटा भाऊ झाला'. दोन वर्षं चार महिने. त्यांच्याआधी एकही पोरगी नाही.

सिंधूताई पळतच त्यांच्या घरी गेल्या. मीही मागोमाग. "मावशी, तू शाळेची पहिली पोरगी!" विमलबाई तूर निवडत होत्या. त्यांनी सुनांना हाका मारून बोलावलं. पहिल्यांदा त्या सिंधूताईंशी बोलल्याच नाहीत, सुनांशीच बोलल्या. "ऐकलं? म्या सांगत होती ना, मी शायेत गेली म्हणून? तुमी म्हणत होत्या बुढी गप्पा हाणते." मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "सिंधू, साठ वर्सं झाले मी सांगून राह्यली. कोनं मानलं नाही बाई."

समितीत ठरलं, शताब्दीच्या कार्यक्रमात पहिल्या विद्यार्थिनीचा सत्कार करायचा आणि नव्या वर्गखोलीवर तिच्या नावाचा दगड बसवायचा. विमलबाईंनी लेकाकडून हिरवं लुगडं आणवलं आणि सोनाळ्याच्या धाकट्या बहिणीला फोन लावून आठ दिवस आधीच यायला सांगितलं. सुना आता सासूला 'शाळेतली' म्हणू लागल्या. चिडवायला म्हणायच्या, पण विमलबाईंना ते गोड लागायचं.

आणि मग भगवानरावांनी घात केला. जाणून नाही, प्रेमानं केला. शाळा सुरुवातीला पाटलांच्या ओसरीत भरायची, म्हणून १९२५ ते ४० चं रजिस्टर त्यांच्या माळ्यावर पडलेलं होतं. ते त्यांनी स्वतः झटकून, फडक्यात बांधून आणलं. "आमच्या घरचं योगदान दिसलं पाह्यजे तुमच्या कम्प्युटरात," म्हणाले आणि सतरंजीवरच बसले. सिंधूताई भरू लागल्या. १९३१ ला आल्या आणि ओळ पिवळी झाली. भिकी पुंजाजी पाटील. जन्म १७ मार्च १९२४.

"पुंजाजी म्हणजे माहा आजा!" भगवानराव उठून उभेच राहिले. "म्हणजे ही माही आत्या! गुरुजी, पह्यली पोरगी आमच्या घरची!"

"तुमाले आत्या होती?" सिंधूताईंनी विचारलं.

"कोनी सांगतलं नाही कधी. लहानपनीच गेली असन बिचारी. पण लिहेल आहे ना? तुमीच सांगा, लिहेल आहे का नाही?"

सिंधूताईंनी पुन्हा पान पाहिलं. "हाव, लिहेल तं आहे," त्या म्हणाल्या. आयुष्यात जी नोंद समोर आहे तीच मानायची, हा त्यांचा बाणा. तो त्या दिवशी अंगाशी आला. भगवानरावांनी संध्याकाळच्या आत मोताळ्याला जाऊन दगड सांगितला. 'या शाळेची पहिली विद्यार्थिनी कै. भिकी पुंजाजी पाटील.' चौथ्या दिवशी तो कोरून तयार. शिवाय आत्येच्या आठवणींचं एक भाषणही त्यांनी लिहायला घेतलं. जिचं अस्तित्व परवा कळलं तिच्या आठवणी दोन पानं झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मान हलवली.

विमलबाईंना सांगायला सिंधूताईच गेल्या. विमलबाईंनी हिरव्या लुगड्याची घडी मोडून पुन्हा नीट घातली आणि ते पेटीत टाकलं. मग सुनेला सोनाळ्याचा फोन लावून द्यायला सांगितला. "शांते, येऊ नोको. मी दुसरी निंगाली," एवढंच बोलल्या आणि फोन परत दिला. सुना त्या दिवशी चिडवत नव्हत्या. सिंधूताई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. स्वतःचाच आला, पण काढला सिंधूताईंवर. म्हटलं, घाई काय होती शब्द द्यायची? त्या म्हणाल्या, "चुकलीच मी, गुरुजी. एका ओळीवर भरवसा ठेवला. पोराचं वजन मी कधी एकदाच नाही घेतलं, आन् इथी एकदाच पाह्यलं."

दुसऱ्या दिवसापासून त्या ओळखीच्या कोणी हाक मारली तरी वर बघेनात. जुनं रजिस्टर शेवटच्या पानापर्यंत भरून काढलं आणि मग तक्त्याला विचारलं: पुंजाजी पाटलाची पोरं दाखव. दोन ओळी आल्या. मला हाक मारून त्यांनी मोबाईल माझ्या नाकाशी धरला.

पहिली ओळ: भिकी पुंजाजी पाटील, खारीज ११ एप्रिल १९३३. कारणाचा रकाना कोरा.

दुसरी ओळ: भिकाजी पुंजाजी पाटील, दाखल ११ एप्रिल १९३३, थेट दुसरीत. जन्म १७ मार्च १९२४.

भिकाजी पाटील म्हणजे भगवानरावांचे वडील. त्यांच्या मिशांवर, गाव म्हणायचं, लिंबू ठेवलं तरी पडत नाही. ते रस्त्यानं निघाले की बाया पदर पुढे ओढून भिंतीकडे तोंड करायच्या. मी म्हटलं, "जुळे असतील हो."

"जुळे?" सिंधूताई म्हणाल्या. "भाऊ आला त्याच दिवशी बहीण गेली? आन् हा पह्यली न शिकता दुसरीत? तिची पह्यली यानं खाल्ली काय?"

पण आता नुसत्या ओळींवर भरवसा ठेवायचा नाही, हे त्या शिकल्या होत्या. म्हणून आम्ही शकूरचाचांकडे गेलो. शकूरचाचा मणियार, ऐंशीचे. तीन पिढ्यांपासून आसपासच्या गावांतल्या बायांच्या हातात बांगड्या भरायचं काम यांच्या घराचं. त्यांच्या वडिलांना प्रत्येक मनगटाचं माप तोंडपाठ होतं. सिंधूताईंनी सरळ विचारलं, "चाचा, तुमच्या अब्बांनं पाटलाच्या घरी लहान पोरीले कधी बांगड्या भरल्या?"

चाचांनी आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग इतके हसले की खोकला लागला. "कोनाले सांगू नोका. अब्बा सांगत, भिकाजी पाटलाच्या हातात मी हिरव्या बांगड्या भरल्या, दोन दोन आण्याच्या नाही, चांगल्या फिरोजाबादच्या. मोठं झाल्यावर पाटील रस्त्यात भेटले का नजर चुकवत."

हकीकत अशी. पुंजाजी पाटलांचे तीन मुलगे एकामागून एक पाळण्यातच गेले. चौथा झाला तेव्हा सुपात घालून कोंड्याच्या मोलानं शेजारणीला दिला, तिच्याकडून भीक म्हणून मागून घेतला, नाक टोचलं, भिकी नाव ठेवलं आणि देवीला नवस केला. नऊ वर्षांचा होईपर्यंत परकर, वेणी, बांगड्या. यमाला वाटावं, पोट्टी आहे, आणि त्यानं दारावरूनच परत जावं. पोरीसाठी यमसुद्धा तसदी घेणार नाही, अशी तेव्हा लोकांची खात्री होती. शाळेतले गुरुजी अकोल्याकडून नवे आलेले. बापानं सांगितलं, भिकी. त्यांनी लिहून घेतलं, भिकी. नवस फिटला त्या दिवशी केस कापले आणि भिकी खारीज, भिकाजी दाखल. यम फसला आणि शंभर वर्षांनी आमची समितीही फसली.

आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? मी माझ्या गुडघ्यांचं दुखणं काढलं. सिंधूताई म्हणाल्या, "गुडघे राहू द्या घरी, तुमी चाला." गेलो. भगवानराव बैठकीत, डोक्यावर वडिलांचा मिशांसकट मोठा फोटो. सिंधूताईंनी दोन्ही ओळी दाखवल्या आणि सगळं सांगितलं. शकूरचाचांचं नाव मात्र घेतलं नाही.

भगवानराव आधी पांढरे पडले, मग लाल झाले. "माह्या बापाले परकर नेसवता? या फोटोकडे पाहून बोला! दगड कोरलेला आहे, तो बसणार. ती माही आत्याच आहे. बास!"

मी उठायच्या तयारीत होतो. सिंधूताई मात्र टेकूनच बसल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "आत्या तं आत्या. मंग पुंजाजी पाटलाले एक लेक होती, हे दगडावर राहीन. नाही का?"

"राहीन ना!"

"लेक म्हणजे वारस. लहानपनी मेली असा कागद तुमच्याजोळ नाही. रजिस्टरात तं नऊ वर्सापर्यंत जित्ती आहे. पुढं लग्न झालं असन, लेकरं झाले असतीन, नातू असतीन. तलाठी दगड वाचत नाही भगवानराव, पण वकील वाचते. उद्या कोनी येऊन म्हणीन, मी भिकीचा नातू, सातबाऱ्यावर माह्यं नाव लावा."

भगवानरावांनी फोटोकडे पाहिलं, मग खिडकीतून कपाशीकडे पाहिलं. पासष्ट एकर एका बाजूला आणि बापाचा परकर दुसऱ्या बाजूला. त्यांना फार वेळ लागला नाही.

"म्हणजे... नवस होता म्हणता तुमी?"

"हाव. देवीचा."

"देवीचाच असन," भगवानराव म्हणाले. "आमच्या घरी देवीचं लय आहे." मग आवाज खाली आणून, "पण स्टेजवर याचा शब्द नाही पाह्यजे. दगडावर विमलबाईचं नाव घाला, आत्याचा विषय बंद. शपथ घ्या."

आम्ही शपथ घेतली. नवा दगड सांगायला वेळ नव्हता, म्हणून तोच उलटा करून मागच्या बाजूवर विमलबाईंचं नाव कोरलं. आजही भिकी तिथंच आहे, भिंतीकडे तोंड करून. विमलबाईंना का ते सांगणं भाग होतं. आठवडाभर दुसरी राहिलेली बाई पुन्हा पहिली कशी झाली, हे विचारल्याशिवाय ती लुगडं काढणार नव्हती. सगळं ऐकून त्या इतकंच म्हणाल्या, "असं होय," आणि पेटी उघडली. शांताबाई सोनाळ्याहून दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं आल्या.

कार्यक्रम जानेवारीत झाला. मांडव गच्च भरला होता. गावाला आत्येचं अर्धं कळलेलं होतं आणि पुढचं कळायचं होतं, त्यामुळे कधी नव्हे ते पुरुषही वेळेवर आले. मी पुकारलं, 'शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनी, विमलबाई', आणि मागून कोणीतरी ओरडलं, "मंग भिकी कोन?" हशा पिकला. भगवानराव माईककडे आले, घसा खाकरला, पुन्हा खाकरला, खिशातली आठवणींची दोन पानं चाचपली. मी सिंधूताईंकडे पाहिलं तर त्या माझ्याकडेच पाहत होत्या. आता हसं पाटलांचं तरी होणार नाहीतर विमलबाईंचं तरी, हे समोर दिसत होतं.

विमलबाई हिरव्या लुगड्यात हळूहळू आल्या आणि भगवानरावांच्या हातातून त्यांनी माईक काढून घेतला.

"भिकी कोन, मी सांगते," त्या म्हणाल्या. "भिकी म्हणजे भिकाजी पाटील."

भगवानरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"नवसाचं लेकरू होतं. परकर नेसून दोन वर्सं शायेत बसलं. आन् म्या सहा वर्साची झाली तवा भिकाजी पाटील आमच्या घरी आले. माह्या बापाले म्हणाले, दौलत, पोरीले शायेत घाल. बाप म्हणे, पोरीले काय येणार? तं पाटील म्हणाले, मी परकर नेसून बसलो होतो. मले तेच अक्षरं आले."

मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो मी आमच्या शाळेत तरी ऐकलेला नाही. बाया उभ्या राहिल्या. भगवानरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते लपवतही नव्हते. खाली वाकून त्यांनी विमलबाईंच्या पायांना हात लावला. भाषणाची पानं खिशातच राहिली, पण ते बोलले. माझे वडील असे होते, म्हणाले, आणि परकर हा शब्द त्यांनी स्वतः तीनदा उच्चारला. आता तर ते पाहुण्यांना घरी नेऊन फोटो दाखवतात आणि मिशांच्या आधी परकराची गोष्ट सांगतात.

मांडव रिकामा झाल्यावर आम्ही तिघं व्हरांड्यात बसलो होतो. विमलबाई गळ्यातला हार काढून त्यातली झेंडूची फुलं शांताबाईंसाठी वेगळी करत होत्या. सिंधूताई म्हणाल्या, "मावशी, एक इचारू? त्या वर्सी तुह्या बापाची न् पाटलाची विहिरीवरून बोलचाल बंद होती. तूच मले सांगतलं होतं. एकमेकाच्या दारात पाय ठेवत नव्हते. मंग भिकाजी पाटील तुह्या घरी आले कवा?"

विमलबाईंनी फुलं ओटीत भरली. "तू त्या मोबाईलात शंभर वर्सांचं भरलं. ते समदं कोनं सांगतलेलं होतं?"

"पोरांच्या बापांनी."

"पुंजाजीनं पोट्याले पोट्टी सांगतलं, गुरुजीनं लिहून घेतलं. या गुरुजीनं अकराशे लोकाले एक जूनले जलम देला. त्यायले कोनं इचारलं नाही, खरं का म्हणून." त्या भिंतीचा आधार घेऊन उठल्या. "माही एकच ओळ आहे. भरून टाक."

सिंधूताईंनी माझ्याकडे पाहिलं. अकराशे जन्मांचा धनी मी, काय बोलणार? त्यांनी मोबाईल उघडला आणि विमल दौलत या पिवळ्या ओळीत, 'शाळेत कोणी घातलं' या रकान्यात लिहिलं: भिकाजी पाटील यांच्या सांगण्यावरून. लगेच तिकडून, अमरावतीहून, प्रेरणाचा निरोप आला, मावशी, याला पुरावा काय?

सिंधूताईंनी उत्तर लिहिलं: बाई जिवंत आहे. ये आणि विचार.